कार्नाकच्या शिळा कशासाठी उभ्या राहिल्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या कार्नाकला जाऊन आलात, रांगांनी उभ्या असलेल्या हजारो शिळा पाहिल्या आणि परतताना हाती एवढंच लागलं की 'हे एक गूढ आहे'. मग ते नक्की काय होतं? पंचांग, स्मशान की देऊळ? आणि आपल्या नागपूरजवळच्या शिळावर्तुळांशी त्याचं काही नातं आहे का?

पुरातत्त्वात माझी तीसेक वर्षं गेली. त्यातली बरीचशी विदर्भात, आणि मधले दोन उन्हाळे ब्रिटनीतल्या उत्खननांवर. त्या अनुभवावरून सांगतो, 'गूढ' या शब्दावर थांबू नका. गेल्या चाळीस वर्षांत या शिळांबद्दल इतकं कळलं आहे की तो शब्द आता उत्तर टाळण्यासाठीच वापरला जातो.

नागपूरचं आधी सांगतो, कारण ते लवकर संपतं. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथली शिळावर्तुळं लोहयुगातली आहेत, म्हणजे साधारण इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. त्यांच्या पोटात लोखंडी हत्यारं मिळतात, घोड्यांच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने मिळतात, नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. कार्नाक परिसरातल्या शिळा उभ्या राहिल्या इ.स.पू. पाचव्या सहस्रकात. तिथे धातूची हत्यारं नव्हती, घोडेस्वार नव्हते, चाकही नव्हतं. मध्ये तीन हजार वर्षांहून मोठं अंतर आणि अर्धं जग. जुनापाणीला १९व्या शतकात खोदकाम करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचं आडनाव रिव्हेट-कार्नाक होतं, मुंबईचं कर्नाक बंदर ज्या घराण्याच्या नावाने ओळखलं जातं त्यातलाच तो. पण नावं जुळली म्हणून दगडांचं नातं लागत नाही. दोन्हीकडच्या माणसांनी स्वतंत्रपणे मोठा दगड हलवायचं ठरवलं, एवढंच साम्य.

पण दगड हलवणं म्हणजे काय, हे मला विदर्भातच कळलं. एका वर्तुळातली एक शिळा कुणीतरी बांधाकडे ढकलली होती, ती जागेवर आणायची होती. वजन दीडेक टन असेल. गावातल्या वडार वस्तीतले एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची चौदा माणसं आली. आजोबांनी दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, हातोडीने जागोजागी वाजवून पाहिला, कुठे पहार लावायची आणि टेकू कुठे द्यायचा ते ठरवलं. मी म्हटलं, चला, सुरू करू. ते म्हणाले, "आधी भाकरी, मग दगड." सगळ्यांचं जेवण झाल्याशिवाय त्यांनी पहारीला हात लावू दिला नाही. चौदा माणसं, अर्धा दिवस, आणि दगड हलला जेमतेम तीस पावलं.

हे डोक्यात घेऊन मी लोकमारियाकेरला गेलो. कार्नाकपासून हे गाव गाडीने फार लांब नाही. तिथे एक शिळा चार तुकड्यांत जमिनीवर पडली आहे. मूळची लांबी २० मीटरांहून जास्त, वजन सुमारे ३०० टन. फ्रेंचमध्ये तिला 'मोडलेला मोठा मेन्हिर' म्हणतात. (मेन्हिर हा शब्द ब्रेतोन भाषेतला: मेन म्हणजे दगड, हिर म्हणजे लांब.) तिच्या जातीचा खडक त्या गावात नाही, कित्येक किलोमीटर दूर आहे. म्हणजे धातू, चाक आणि कप्पी नसलेल्या लोकांनी तीनशे टनांचा दगड काढला, घडून गुळगुळीत केला, ओढत किंवा तराफ्यावरून आणला आणि उभा केला. इ.स.पू. ४५००च्या आगेमागे.

हे जमतं कसं, याचा एक प्रयोग फ्रान्समध्येच बूगों इथे १९७९ साली झाला. ३२ टनांचा काँक्रीटचा ठोकळा लाकडी रुळांवर, गोल ओंडके घालून ओढला. त्याला सुमारे दोनशे माणसं लागली. साधं त्रैराशिक मांडलं तर लोकमारियाकेरच्या शिळेला दीड-दोन हजार माणसं होतात. पाण्यातून आणली असेल तर कमी, चढावर जास्त. पण आकडा कितीही खाली आणला तरी तो एका वस्तीचा होत नाही. त्या काळातल्या वस्त्या लहान, घरं लाकूडमातीची. एवढी माणसं जमवायची म्हणजे लांबलांबच्या वस्त्यांना निरोप धाडायचे. मग दोराला लागणारी साल, ओंडक्यांना लागणारी झाडं, आणि मुख्य म्हणजे एवढ्या तोंडांना घालायला धान्य आणि जनावरं. आजोबांची भाकरी इथे दोन हजारांनी गुणायची.

माझ्या मते उभ्या दगडाचा पहिला अर्थ इथे आहे. तो उभा राहण्याआधीच त्याचं निम्मं काम झालेलं असतं. कुणी बोलावलं, कोण आलं, कुणी किती बैल कापले, कुणाच्या खांद्याला दोर होता, हे सगळं त्या दगडात साठतं, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. आपल्या देशात हे अंदाजाने बोलायची गरज नाही. नागालँडमध्ये अंगामी लोकांत संपन्न माणूस ओळीने मेजवान्या देत असे, आणि त्या मालिकेतल्या मानाच्या टप्प्यावर लाकडी घसरगाडीवरून शिळा ओढून आणून उभी केली जाई. ओढायला सगळं गाव. यजमान धान्य आणि जनावरं देऊन टाकत असे, बदल्यात त्याला मान आणि दगड मिळत असे. मेघालयात खासी लोकांच्या उभ्या शिळा पुरुषांच्या आणि आडव्या शिळा स्त्रियांच्या मानल्या जातात, कुळाच्या पूर्वजांशी जोडलेल्या. गडचिरोली-बस्तरकडचे माडिया गोंड मेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. या उदाहरणांवरून साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या ब्रिटनीत नेमकं तेच होतं असं सिद्ध होत नाही. पण एका दगडात श्रीमंती, मान, मेजवानी, पूर्वज आणि जागेवरचा हक्क हे सगळं एकत्र नांदू शकतं, हे त्यांवरून दिसतं. 'देऊळ की स्मशान' असा प्रश्न टाकला की आपण त्यांच्या गोष्टी आपल्या खणांत भरायला लागतो.

आणखी एक अडचण मराठी वाचकाला तरी पडू नये. युरोपातले पर्यटक विचारतात, यावर काही कोरलेलं नाही, मग हा कुणाचं प्रतीक कसा? आपल्याकडे शिवेवरचा म्हसोबा पाहा किंवा देवीचा तांदळा. नाक-डोळे नसतात, शेंदूर फासलेला घडीव-अनघड दगड असतो, आणि गावाच्या लेखी तो कोण आहे याबद्दल कुणालाही शंका नसते. दगड स्वतःच कुणीतरी असू शकतो. ब्रिटनीतल्या कितीतरी शिळांना खांद्यासारखा आकार दिलेला आहे, वरचं टोक निमुळतं केलेलं आहे. त्या माणसासारख्या उभ्या आहेत.

काहींवर मात्र कोरीवकाम आहे, आणि या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच. मोडक्या मेन्हिरच्या शेजारीच 'ताब्ल दे मार्शां' नावाची दगडी कबर आहे. तिच्या छताच्या शिळेला खालून पाहिलं तर कुऱ्हाड दिसते आणि एका जनावराचा अर्धा भाग दिसतो. तिथून चारेक किलोमीटरवर, मोर्बिहानच्या आखातात, गावरिनिस नावाचं छोटं बेट आहे. तिथेही अशीच कबर आहे, १४ मीटर लांबीच्या बोळाची, आणि बोळाच्या भिंती लाटांसारख्या वळणावळणाच्या रेषांनी भरलेल्या. १९८०च्या दशकात शार्ल-तांगी ल रू यांनी तिच्यावरचा दगडांचा ढीग उपसला तेव्हा छताच्या शिळेच्या वरच्या अंगावर कोरीवकाम निघालं. लांब शिंगांचा बैल, पण अर्धवट. बैलाचा उरलेला भाग लोकमारियाकेरच्या छताला! दोन्ही शिळा एकाच दगडाचे तुकडे निघाले, आणि तिसरा तुकडा जवळच्याच एर ग्राहच्या कबरीवर. जोडले तर १४ मीटर उंचीची एक उभी शिळा होते, तिच्यावर बैल, शेळीसारखं दुसरं जनावर आणि कुऱ्हाड.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आधी शिळा उभी होती, सगळ्यांना दिसेल अशी. पुढे ती पाडली किंवा पडली, तिचे तुकडे केले, ते ओढत वेगवेगळ्या ठिकाणी नेले आणि कबरींची छतं झाली. गावरिनिसला तर बैलाचं चित्र वरच्या बाजूला ठेवून त्यावर दगडांचा डोंगर रचला, म्हणजे ते कुणालाच दिसणार नव्हतं. तरी नेलं. छतासाठी साधा दगड जवळपास मिळाला असता. हाच हवा होता.

उत्खननात मोडक्या मेन्हिरच्या पुढे आणखी १८ शिळांचे खड्डे ओळीने सापडले, मोठ्यापासून लहानाकडे जाणारे. म्हणजे एकेकाळी तिथे १९ शिळांची रांग होती आणि इ.स.पू. ४०००च्या सुमारास ती सगळी नाहीशी झाली. काही अभ्यासक भूकंपाकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. भूकंप शिळा पाडील, पण अठरा शिळा उचलून नेणार नाही. एवढी सगळी काढली आणि सगळ्यात मोठी तेवढी राहिली, कारण ती नेणं कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. माझं मत असं की उघड्यावर सगळ्यांसमोर उभ्या असलेल्या पूर्वजांची सत्ता पुढच्या पिढ्यांनी अंधाऱ्या कबरीच्या आत नेली, जिथे बोळातून वाकून मोजकेच लोक जाऊ शकत. दगड तेच राहिले आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याचा हक्क बदलला. नवाश्मयुगातलं, म्हणजे शेती आली पण धातू आला नव्हता त्या काळातलं, राजकारण पाहायचं असेल तर ते इथे आहे. म्हणूनच 'या शिळांचा अर्थ काय' याला एकच उत्तर नसतं, कोणत्या पिढीसाठी हे आधी विचारावं लागतं.

आता ती कुऱ्हाड. ब्रिटनीतल्या शिळांवर कुऱ्हाड वारंवार येते, आणि खऱ्या कुऱ्हाडी शेजारच्या मोठ्या मातीच्या टेकाडांत सापडतात. कार्नाक गावालगतचं सेंट-मिशेलचं टेकाड १२५ मीटर लांब आहे. तिथल्या उत्तम कुऱ्हाडी हिरव्या जेडाइटच्या, काचेसारख्या घासलेल्या, इतक्या पातळ की झाडावर घाव घातला तर मोडतील. हा दगड इटलीतल्या आल्प्समध्ये, मॉन्ते व्हिझोच्या परिसरात, दोन हजार मीटरहून उंचावर मिळतो. तिथून अटलांटिकच्या काठापर्यंत त्या हातोहात आल्या, वाटेत पुन्हा पुन्हा घासल्या गेल्या. हिरवे मणीही आले, त्यातले बरेच दक्षिण स्पेनच्या खाणीतले. एवढ्या लांबून वस्तू गोळा करणारी माणसं आणि तीनशे टनांचा दगड उभा करायला लावणारी माणसं वेगळी नसावीत. म्हणून 'सगळ्यांनी मिळून, समानतेने, भक्तिभावाने उभारलं' हे गोड चित्र मला अपुरं वाटतं. भक्तिभाव होता, मिळून केलंही होतं, पण काही माणसं दोर ओढत होती आणि काही माणसं हिरव्या कुऱ्हाडीसह पुरली जात होती.

मग हे इथेच का? शेती ब्रिटनीत बाहेरून आली, गहू-जव, गुरं, शेळ्यामेंढ्या घेऊन. पण किनारा रिकामा नव्हता. तेविएक आणि ओएदिक या बेटांवर मासेमारी-शिकार करणाऱ्या लोकांची दफनं आहेत, शिंपल्यांच्या ढिगांत, काही देहांवर हरणाच्या शिंगांचा मांडव रचलेला. तेविएकला दोन तरुणी अशा शिंगांखाली पुरलेल्या सापडल्या. समुद्रावर जगणारे हे लोक आणि जमीन शेतीखाली आणणारे नवे लोक इथे समोरासमोर आले. शिळांवरची चित्रं त्या नजरेने पाहा: एकीकडे बैल आणि शेळी, दुसरीकडे मोडक्या मेन्हिरवरची ती मोठी आकृती, जिला जुने अभ्यासक नांगर म्हणत आणि फ्रेंच पुरातत्त्वज्ञ सर्ज कासेन देवमासा म्हणतात. मी कासेन यांच्या बाजूचा आहे. तो फुगीर माथा आणि वर वळलेली शेपटी एकदा डोळ्यांत बसली की नांगर दिसत नाही. जमीन आता कुणाची, समुद्र कुणाचा, हे ज्या काठावर ठरत होतं तिथे माणसांनी कधी न हलणारी खूण उभी केली.

तुम्ही पाहिलेल्या रांगांकडे येतो. मेनेक, केरमारियो, केरलेस्कां मिळून सुमारे तीन हजार शिळा. एकट्या मेनेकला ११ रांगा, लांबी किलोमीटरभर, हजाराहून जास्त शिळा. पश्चिमेकडे जावं तशी उंची वाढत जाते आणि टोकाला शिळांचं कुंपण. त्यांचा काळ ठरवणं फार अवघड गेलं, कारण तिथली माती आम्लधर्मी आहे, हाडं विरघळून जातात. हाड नाही म्हणून कोळशावर विसंबावं लागतं. कार्नाकच्या पश्चिमेला प्लुआर्नेलमध्ये ल प्लास्कर इथल्या उत्खननाचे निष्कर्ष २०२५ साली आले. तिथे शिळांच्या खड्ड्यांशी लगटून चुली निघाल्या आणि त्यातल्या कोळशाने काळ दिला इ.स.पू. ४६०० ते ४३००. म्हणजे युरोपातल्या सगळ्यात जुन्या मोठ्या शिळांमध्ये या येतात. त्याच वर्षी या परिसराला जागतिक वारशाचा दर्जाही मिळाला. मला त्या निष्कर्षात काळापेक्षा चुली जास्त महत्त्वाच्या वाटल्या. शिळेच्या पायाशी चूल. रांगा एका दिवशी, एका आराखड्याने उभ्या राहिलेल्या नाहीत, त्या वाढत गेल्या. एकेक शिळा म्हणजे एकेक जमाव, एकेक जेवण.

पंचांगाचं म्हणाल तर अलेक्झांडर थॉम यांनी १९७०च्या दशकात मोडक्या मेन्हिरला चंद्रनिरीक्षणाचा खांब ठरवलं होतं. ते कष्टाळू मोजणीदार होते, त्यांच्या नकाशांचा आम्हाला आजही उपयोग होतो. पण ज्या लांबच्या ठिकाणांवरून तो खांब पाहायचा, ती ठिकाणं आणि तो खांब एकाच काळचे आहेत हे दिसत नाही, आणि तो खांब तर १९ शिळांच्या रांगेचा भाग निघाला. शिवाय साधा विचार करा. आपला शेतकरी मृगावर पेरणीची तयारी करतो, नक्षत्रं तोंडपाठ असतात, त्यासाठी त्याने कधी शिळा उभारली नाही. आकाशाकडे लक्ष नव्हतं असं मात्र नाही. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजला, इ.स.पू. ३२००च्या सुमारास बांधलेल्या कबरीत, हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या सकाळी सूर्यकिरण थेट आतल्या खोलीत जातो. त्या प्रकाशाने तारीख कळत नसे, ती आधीच ठाऊक असे. त्या दिवशी सूर्याला मेलेल्यांच्या खोलीत बोलावलं जाई.

इंग्लंडमधल्या स्टोनहेंजचा उल्लेख टाळता येत नाही, पण ते कार्नाकपेक्षा दोन हजार वर्षांनी उभं राहिलं. आधी इ.स.पू. ३०००च्या सुमाराचा खंदक आणि जाळलेल्या देहांची दफनं, मग इ.स.पू. २५००च्या सुमारास मोठ्या शिळा. त्यातले लहान निळसर दगड वेल्समधून, दोनशेहून जास्त किलोमीटरवरून, आणि मधली सहा टनांची वेदीशिळा तर ईशान्य स्कॉटलंडमधून, किमान ७५० किलोमीटर, हे २०२४ साली कळलं. जवळच्याच डरिंग्टन वॉल्स या वस्तीत डुकरांच्या हाडांचे ढीग आहेत, भर हिवाळ्यात कापलेल्या डुकरांचे. मादागास्करचे पुरातत्त्वज्ञ रामिलिसोनिना यांनी माइक पार्कर पिअर्सन यांच्यासोबत १९९८ साली मांडलं की लाकूड जिवंतांचं आणि दगड पूर्वजांचा, कारण त्यांच्या देशात तसंच आहे. पुढच्या खोदकामाने या कल्पनेला बरंच बळ दिलं. आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर, स्टेनेसच्या शिळावर्तुळात मधोमध काय आहे? चूल. घरातल्यासारखीच, फक्त मोठी.

पुन्हा जाणार असाल तर कार्नाकला एक दिवस आणि लोकमारियाकेरला एक दिवस ठेवा. मेनेकच्या रांगांत शिळांच्या बुंध्याशी लालसर सिमेंटची छोटी खूण दिसेल. कार्नाकचे पुरातत्त्वज्ञ झाकारी ल रूझिक यांनी पडलेल्या शिळा पुन्हा उभ्या करताना ती खूण केली, त्यामुळे कुठली शिळा मुळात तशीच उभी आहे ते ओळखता येतं. ताब्ल दे मार्शांमध्ये मान वर करून अर्ध्या बैलाचा फोटो काढा. दुसऱ्या दिवशी लार्मोर-बादेनहून होडीने गावरिनिसला जा. त्या काळात समुद्र खाली होता, हे बेट नव्हतं, मुख्य भूमीवरची टेकडी होती. शेजारच्या एर लानिकवर शिळांची दोन अर्धवर्तुळं आहेत, त्यातलं एक आता पाण्यात आहे. होडी जवळून जाते. ओहोटीची वेळ पाहून तिकीट काढा, म्हणजे वरचं वर्तुळ उतारावरून खाली येऊन पाण्यात शिरताना दिसेल.